‘सहजीवन’ : अर्थ आणि उगम

चैत्र संपत आला की पंचवटीतल्या घराघरांत वर्षाच्या मसाल्याची तयारी सुरू होते. धने, खोबरे, तीळ, लवंग, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर अशी यादी घेऊन कोणी तरी दुकानावर जाते आणि परत येताना पुड्यांमध्ये एक पुडी फार हलकी असते. ती उघडली तर आत राखी-काळपट, एका अंगाने पांढुरके, जळक्या कागदाच्या कपट्यांसारखे कुरकुरीत पापुद्रे दिसतात. हे दगडफूल. कोरडे हुंगले तर त्याला फारसा वास नाही. तेलावर परतले म्हणजे मात्र त्याचा असा काही मातकट, दाट सुवास सुटतो की काळ्या मसाल्याला काळा मसाला म्हणून ओळख तो वासच देतो. आमच्या गृहिणींना हा पदार्थ पुरता ठाऊक आहे. पण ‘हे आहे तरी काय?’ असे विचारले, तर उत्तर देताना भले भले पदवीधर अडखळतात. ते फूल नव्हे, कारण त्याला पाकळी नाही, पराग नाही, बी नाही. दगडावर येते खरे, परंतु झाडांच्या सालींवरही तितकेच येते. मूळ, खोड, पान यांपैकी काहीच त्याला नसते. संस्कृतात त्याला शैलेय आणि शिलापुष्प अशी नावे आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांनीही त्याचे ठिकाण सांगून नावाची वेळ निभावून नेली.

‘सहजीवन’ हा जो शब्द आज आपण शाळेच्या पुस्तकात, लग्नाच्या शुभेच्छापत्रात आणि गृहरचना संस्थेच्या पाटीवर सारख्याच सहजतेने वाचतो, त्याचा शास्त्रीय जन्म या दगडफुलापोटी झाला. तो कसा झाला आणि जन्मताना त्याचा अर्थ काय होता, हे सांगावे असा आमचा विचार आहे. कारण त्या शब्दाचा जन्मकाळचा अर्थ आणि आजचा रूढ अर्थ यांत बरेच अंतर पडले आहे, आणि ते अंतर केवळ कोशकारांनीच काळजी करावी असे नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातले वनस्पतिशास्त्रज्ञ दगडफुलांना वनस्पतींची एक स्वतंत्र कोटी समजत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना त्यांत दोन गोष्टी दिसत: पांढऱ्या, रंगहीन तंतूंचे जाळे आणि त्या जाळ्यात अडकलेले हिरवे गोल कण. हे कण तंतूंपासूनच निपजतात, अशी समजूत होती. १८६० च्या दशकाच्या अखेरीस सिमॉन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने एक विलक्षण गोष्ट सांगितली. तंतू हे बुरशीचे आहेत, हिरवे कण हे शेवाळाचे आहेत, आणि ज्याला आपण एक वनस्पती म्हणतो ती मुळी एक नाहीच. ती दोन निराळ्या कुळांतल्या जीवांची वस्ती आहे. श्वेंडेनरने उपमा दिली ती धनी आणि गुलामांची. बुरशी हा धनी. शेवाळ हे बंदीत पडलेले, राबणारे, अन्न पिकवून देणारे गुलाम.

या मतावर किती काहूर उठले असेल याची कल्पना करावी. दगडफुलांच्या शेकडो जाती ओळखण्यात, त्यांना नावे देण्यात ज्यांची हयात गेली होती, त्यांना कोणी येऊन सांगावे की बाबांनो, तुमची ही वनस्पती अस्तित्वातच नाही! पॅरिसमध्ये राहणारा फिनलंडचा नायलँडर हा त्या विषयातला मोठा अधिकारी. त्याने ही उपपत्ती अखेरपर्यंत मानली नाही. याच नायलँडरने १८६६ साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली दगडफुले तपासून, शहराच्या धुराचा त्यांच्यावर परिणाम होतो हे दाखवून दिले होते. तेव्हा माणूस कच्चा नव्हता. इंग्लंडात जेम्स क्रॉम्बी या धर्मोपदेशकाने १८७४ साली त्या कल्पनेची यथेच्छ टर उडविली. बंदिवासात पडलेली शेवाळकन्या आणि तिच्यावर जुलूम करणारा बुरशीराजा, अशी ही कादंबरी आहे, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. वाद शास्त्राचा होता, पण शब्द सारे माणसांच्या घरातले होते. धनी, गुलाम, बंदिनी, जुलूम! निसर्गात काय चालले आहे हे पाहण्याआधीच कोण चांगले नि कोण वाईट हे शब्दच ठरवून टाकीत होते.

ही अडचण ज्याला प्रथम जाणवली तो आल्बर्ट फ्रांक. १८७७ साली दगडफुलांवर लिहिताना त्याने असे सुचविले की, दोन निराळ्या जातींचे जीव एकमेकांवर किंवा एकमेकांत राहतात एवढीच गोष्ट सांगणारा एखादा शब्द हवा. कोण कोणाचे खातो, कोणाचा फायदा होतो, हे त्या शब्दाने आधी बोलू नये. त्यासाठी त्याने ग्रीक भाषेतून एक शब्द घडविला. ‘सिन्’ म्हणजे सह, ‘बिओस’ म्हणजे जीवन, दोहोंपासून ‘सिम्बिओटिस्मुस’. पुढच्याच वर्षी, १८७८ साली, जर्मन निसर्गशास्त्रज्ञांची आणि वैद्यांची वार्षिक परिषद कासेल या गावी भरली, आणि तेथे आंटोन डी बारी या प्राध्यापकाने एक व्याख्यान दिले. त्याचा विषयच हा होता. त्याने शब्द थोडा सोपा केला आणि ‘सिम्बिओज’ असा वापरला. इंग्रजीत तो ‘सिम्बायोसिस’ झाला. व्याख्यान १८७९ साली स्ट्रासबुर्ग येथे छापून निघाले आणि शब्द जगभर गेला. शास्त्रातले पुष्कळसे शब्द ग्रंथांत जन्मतात. हा मात्र व्याख्यानात जन्मला, ही गोष्ट गोदाकाठच्या पटांगणात वैशाखातल्या संध्याकाळी व्याख्याने ऐकणाऱ्या आम्हा मंडळींना थोडी सुखावणारी आहे.

डी बारी कोण होता हे नाशिककरांना सांगितलेच पाहिजे. हा १८३१ साली फ्रांकफुर्ट येथे जन्मलेला आणि १८८८ साली स्ट्रासबुर्ग येथे वारलेला गृहस्थ बुरशीशास्त्राचा एक संस्थापक गणला जातो. आयर्लंडात ज्या रोगाने बटाट्याचे पीक जाऊन लक्षावधी माणसे उपासमारीने मेली, तो रोग हवेतल्या दोषाने नव्हे तर एका बुरशीसारख्या सूक्ष्म जीवाने होतो, हे त्याने १८६१ साली प्रयोगाने सिद्ध केले. गव्हावरचा तांबेरा आपले अर्धे आयुष्य गव्हावर आणि अर्धे एका वेगळ्याच काटेरी झुडपावर काढतो, हे १८६५ साली त्यानेच उलगडले. आणि आमच्या द्राक्षबागाईतदारांची झोप उडविणारा जो केवडा, त्याला कारण असलेल्या जीवाच्या शास्त्रीय नावाच्या इतिहासातही डी बारीचे नाव आहे. अशा माणसाने ‘सहजीवन’ हा शब्द प्रचारात आणला, हे लक्षात ठेवावे. तो काही निसर्गातल्या गोडीगुलाबीवर भाळलेला कवी नव्हता. परक्याच्या अंगात शिरून त्याला पोखरणाऱ्या जीवांचा अभ्यास करण्यात त्याचा जन्म गेला होता.

म्हणून त्याची व्याख्या पाहा. वेगवेगळ्या नावाच्या, म्हणजे वेगवेगळ्या जातींच्या, जीवांचे एकत्र जगणे म्हणजे सहजीवन. एवढेच. त्यात फायद्याचा शब्द नाही. डी बारीच्या हिशेबी गव्हावरचा तांबेरा हेही सहजीवन, दगडफूल हेही सहजीवन, आणि ॲझोला नावाच्या पाण्यावरच्या इवल्याशा वनस्पतीच्या पानांतील पोकळीत राहणारे निळे-हिरवे शेवाळ हेही सहजीवनच. एका टोकाला निखळ लुबाडणूक, दुसऱ्या टोकाला परस्पर साहाय्य आणि मध्ये नाना छटा. या साऱ्या पट्ट्याला मिळून त्याने एक नाव दिले. आणखी एक गंमत या व्याख्येत आहे. ती ‘वेगवेगळ्या जातींच्या’ जीवांविषयी बोलते, तेव्हा पतिपत्नींचे सहजीवन शास्त्रीय अर्थाने सहजीवन ठरत नाही. वटपौर्णिमेला वडाभोवती सूत गुंडाळणाऱ्या सुवासिनी ज्या सहजीवनाची कामना करतात ते निराळे. आणि तो वड स्वतः ज्या सहजीवनावर उभा आहे ते निराळे. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

हा विशाल अर्थ टिकला नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून ‘सिम्बायोसिस’ म्हणजे दोघांच्या फायद्याचे एकत्र राहणे, असा आकुंचित अर्थ पसरला. लुबाडणुकीला वेगळे नाव होतेच. तेव्हा सहजीवन हे चांगल्याचे नाव होऊन बसले. तोच अर्थ आपल्या शाळांतून आला, आणि मराठीत तर त्याला आणखी पाठबळ मिळाले. ‘सह’ हा उपसर्गच आमच्याकडे गोड आहे: सहकार, सहवास, सहानुभूती, सहधर्मचारिणी. ‘सहजीवन’ उच्चारल्याबरोबर मनात समई लागते. मराठीतल्या शब्दाने मूळ ग्रीक शब्दाची दोन्ही अंगे तंतोतंत उचलली, पण त्याबरोबर एक मंगल सूर आपल्या पदरचा घातला.

येथे दोन शेजारी शब्दांकडे वळणे जरूर आहे. बेल्जममधील लूव्हाँच्या विद्यापीठात व्हान बेनेदेन नावाचा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक होता. पट्टकृमींवर त्याचे मोठे काम आहे. १८७५ साली त्याने एक पुस्तक लिहून, प्राण्यांच्या परस्परसंबंधांची तीन घरे पाडली. एक परजीवी, ज्याला मराठीत परोपजीवी किंवा जीवोपजीवीही म्हणतात; दुसरे परस्परांस मदत करणारे; आणि तिसरे ज्यांना त्याने ‘कॉमेन्सल’ म्हटले ते. लॅटिनमध्ये ‘मेन्सा’ म्हणजे मेज. एका मेजावर जेवणारे ते कॉमेन्सल. आपल्याकडे मेज नाही, पंगत आहे. म्हणून मराठीत सहभोजी. शेतात चरणाऱ्या गुरांच्या पायांशी चालणारा गायबगळा हे त्याचे नित्य पाहण्यातले उदाहरण. गाय गवतातून चालते, किडे उडतात, बगळा ते टिपतो. गाईचे काही जात नाही. क्वचित तो तिच्या अंगावरचा गोचीडही उचलतो, आणि मग तो या घरातून त्या घरात गेला असे म्हणावे लागते. निसर्गाला प्राध्यापकांच्या भिंती दिसत नाहीत.

आता ‘सहभोजी’ हा शब्द जीवशास्त्राच्या पुस्तकात निरुपद्रवी दिसतो. पण महाराष्ट्रात ‘सहभोजन’ या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे. १९२० ते १९४० या काळात जातिभेद मोडावा म्हणून गावोगावी सहभोजने घडविण्यात आली, त्यांवरून घरे दुभंगली, माणसे वाळीत पडली. एका पंगतीला बसणे म्हणजे बरोबरी मान्य करणे, हा त्याचा अर्थ होता आणि म्हणूनच त्याला विरोध होता. जीवशास्त्रातला सहभोजी मात्र बरोबरीचा मुळीच नव्हे. तो दुसऱ्याच्या चालण्याने उडालेले वेचणारा आहे. एकाच मराठी शब्दाला शास्त्रात आणि समाजात असे उलटे अर्थ आहेत. आणि आम्ही हे पंचवटीत बसून लिहितो, तेव्हा काळारामाच्या महाद्वाराची आठवण टाळता येत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या साथीने येथे जो सत्याग्रह सुरू झाला, तो पुढे कित्येक वर्षे चालला. ज्यांना दाराबाहेर थांबविले ती माणसे याच गावात पिढ्यान्‌पिढ्या राहात होती, गावाचे काम करीत होती. ‘एकत्र राहणे’ हे होतेच. प्रश्न होता तो कोणत्या अटींवर, याचा. गावगाड्याला ‘सहजीवन’ म्हणून गौरविणारे लेख आम्ही वाचले आहेत. डी बारीच्या रूक्ष अर्थाने ते चुकीचे नाहीत. पण लिहिणाऱ्याच्या मनात तो अर्थ नसतो. समईवाला अर्थ असतो, आणि तेथे शब्द फसवणूक करतो.

परजीवी या शब्दाचा प्रवास तर फारच मनोरंजक आहे. ग्रीक ‘पारासितोस’. ‘पारा’ म्हणजे शेजारी, ‘सितोस’ म्हणजे धान्य, अन्न. अथेन्समध्ये देवळाच्या उत्सवात पुरोहिताबरोबर जेवायला बसण्याचा मान ज्यांना असे, ते पारासितोस. म्हणजे मानाचे ब्राह्मण म्हणा ना! पुढे हाच शब्द नाटकांतल्या खुशमस्कऱ्याला लागला, जो श्रीमंताची हांजी हांजी करून जेवण मिळवितो. आणि मग फार उशिरा, माणसांवरून तो झाडांना आणि किड्यांना गेला. मराठीत हा प्रवास नेमका उलट झाला. ‘बांडगूळ’ हे आधी आंब्यावरचे झाड, आणि नंतर आयते खाणारा माणूस.

आंब्याच्या जुन्या झाडावर जाड, हिरव्या पानांचा, नळीसारख्या फुलांचा जो परका झुपका दिसतो तो बांडगुळाचा. त्याचे चिकट फळ फुलटोच्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी खातो आणि चिकटलेली बी फांदीवर पुसून टाकतो; तेथेच ती रुजते. तिचे मुळासारखे अंग सालीतून आत शिरते आणि आंब्याचे पाणी नि क्षार ओढते. पण पाने हिरवी असल्यामुळे आपली साखर बांडगूळ बरेचसे स्वतःच तयार करते. तेव्हा ते अर्धेच परजीवी आहे. ‘फुकटखाऊ’ म्हणून ज्याचे नाव बद्दू झाले ते प्रत्यक्षात अर्ध्या वेळचे कष्टकरी निघावे, हा त्याच्यावर अन्यायच. कुंपणांवर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे विणणारी अमरवेल ही खरी आयतोबा. तिला ना पान ना जमिनीत मूळ. पण शिवी म्हणून तिचे नाव कोणी घेत नाही, कारण ते नाव सुंदर आहे!

अमरकोशात बांडगुळाला वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा अशी नावे येतात. वृक्षादनी म्हणजे झाडाला खाणारी. वृक्षरुहा म्हणजे झाडावर वाढणारी. या दोहोंत फरक आहे आणि तो शास्त्राच्या दृष्टीने मोठा आहे. सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडाशी ‘सीतेची वेणी’ म्हणून ओळखली जाणारी जी आमरी फांद्यांवरून लोंबते, ती केवळ वृक्षरुहा आहे. झाडाचा ती फक्त आधार घेते, पाणी हवेतून आणि सालीवरून मिळविते. तरी पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजून ओरबाडतात. हा घोळ आपल्यापुरताच नाही. आमरीच्या एका प्रसिद्ध कुलाला सर विल्यम जोन्स यांच्यापासून चालत आलेले ‘व्हँडा’ हे नाव आहे. ते संस्कृतातील ‘वन्दा’च. म्हणजे झाडाचा थेंबही न पिणारी वनस्पती साऱ्या जगाच्या शास्त्रात बांडगुळाच्या संस्कृत नावाने वावरते आहे.

आता वडाकडे येऊ. ज्या पाच वटांवरून या वस्तीला पंचवटी म्हणतात, त्यांचे म्हणून सीतागुंफेजवळचे वृक्ष दाखविले जातात. (पंचवटी म्हणजे पाच वड की अश्वत्थ, बिल्व, वट, आवळी व अशोक हे पाच वृक्ष, याविषयी मतभेद आहे, तो येथे सोडवीत नाही.) वडाचे, पिंपळाचे, उंबराचे फूल कोणी पाहिले आहे काय? ‘उंबराचे फूल’ हा आपला वाक्प्रचारच आहे. क्वचित भेटणाऱ्या स्नेह्याला आपण तसे म्हणतो. पण फुले नसतात असे नाही. ज्याला आपण उंबराचे किंवा वडाचे फळ म्हणतो, ती आत फुलांनी भरलेली एक बंद कुपी असते. शेकडो बारीक फुले आतल्या बाजूने लागलेली, आणि बाहेर जाण्यास टोकाशी एक सूक्ष्म, खवल्यांनी झाकलेले दार. मग परागसिंचन कसे व्हावे? त्यासाठी वडाच्या प्रत्येक जातीने, साधारणतः, आपला आपला एक चिमुकला गांधीलवर्गीय कीटक नेमून घेतला आहे. वडाचा युप्रिस्टिना, उंबराचा सेराटोसोलेन. लांबी दीड-दोन मिलिमीटर. मराठीला हे किडे फार पूर्वीपासून माहीत आहेत. त्यांना केंबरे म्हणतात. ‘उंबर फोडून केंबरे काढणे’ म्हणजे झाकली गोष्ट उगीच उघडी करणे. आम्ही आज तेच करीत आहोत.

मादी त्या दारातून आत घुसते. दार इतके अरुंद की तिचे पंख तेथेच तुटतात. परत फिरणे नाही. अंगावर आणलेले पराग ती आतल्या फुलांना देते, आणि काही फुलांत अंडी घालते. जी फुले अंड्यांवाचून राहतात त्यांत बी धरते. ज्यांत अंडे पडते त्यांत किडा वाढतो. ती आतच मरते. काही आठवड्यांनी पुढची पिढी तयार होते. नर आधी बाहेर येतात. त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी संग करतात, कुपीची भिंत कोरून वाट पाडतात आणि मरतात. उजेडात जगणे त्यांच्या नशिबी जवळजवळ नाहीच. त्या वाटेने माद्या पराग घेऊन उडतात आणि एक-दोन दिवसांच्या आयुष्यात दुसरा वड शोधतात. हा व्यवहार सुमारे सात-साडेसात कोटी वर्षे चालू आहे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वडावाचून किडा नाही, किड्यावाचून वडाचे बी नाही.

हे ऐकून कोणास वाटेल, येथे तरी समईवाला अर्थ लागू पडतो. पण बारकाईने पाहा. किड्याचे प्रत्येक पिल्लू वडाच्या एका बीची किंमत घेऊन वाढते. सगळ्याच फुलांत अंडी पडली तर वड निर्वंश होईल. एकाही फुलात पडली नाहीत तर किडा. दोघांत प्रेम नाही, हिशेब आहे, आणि हिशेब कोणी ठेवीत नाही. ज्यांचा चुकला ती झाडे व ते किडे मागे राहिले नाहीत, एवढेच. शिवाय बाहेरून लांब सुई खुपसून अंडी घालणारे, परागाची मजुरी न करणारे दुसरे किडेही त्याच फळावर टपलेले असतात. पुढे फळ पिकते. तांबट, बुलबुल, हरियाल, साळुंक्या आणि रात्री वटवाघळे येतात, बी दूर टाकतात. ते बी पुष्कळदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडते. तेथे वडाचे रोप आधी निव्वळ वृक्षरुहा असते, सीतेच्या वेणीसारखे निरुपद्रवी. मग त्याची मुळे जमिनीला पोचतात, जाड होतात, आणि ज्याने आधार दिला त्या झाडाला आवळून मारतात. वाड्याच्या भिंतीत आणि घाटाच्या चिऱ्यांत रुजणारा त्याचा भाऊ पिंपळ काय करतो हे आम्ही नाशिककरांस सांगायला नको. एकच वृक्ष एका आयुष्यात पाहुणा, मारेकरी, यजमान आणि धनी असा चारही अंगांनी वागतो. श्वेंडेनरच्या शब्दांनी त्याचे चरित्र लिहायचे तर प्रत्येक प्रकरणाला नवा शब्द लागेल. डी बारीच्या एका शब्दात ते सारे बसते.

शेतकऱ्याला या गोष्टी शब्दावाचून कळतात. हरभऱ्याचा किंवा भुईमुगाचा बेवड पुढच्या पिकाला चांगला, हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. मुळांवरच्या गाठींत राहणारे जीवाणू हवेतला नत्र बांधून देतात, हे १८८६ ते १८८८ च्या दरम्यान हेलरीगेल, विलफार्थ आणि बायेरिंक यांच्या कामातून स्पष्ट झाले. अशी एखादी ताजी गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी रंग दिसतो. तो आपल्या रक्तातल्या रंगद्रव्याच्या जवळचे द्रव्य देते.

शब्दाची आणखी एक गंमत महाराष्ट्रातच घडली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांना आपलेपणा वाटावा म्हणून १९७१ साली एक संस्था काढली आणि तिला आपल्या विषयातलेच नाव दिले: ‘सिम्बायोसिस’. पुढे तिचे विद्यापीठ झाले. नाशिकलाही तिची शाखा आहे. एका वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या शास्त्रातला शब्द माणसांत आणावा, ही गोष्ट आम्हांस फार आवडते. निरनिराळ्या देशांतली माणसे एकत्र शिकत राहणे याला हे नाव शोभतेही. मात्र ते नाव माणसांत आल्यावर त्याची दुसरी अर्धी बाजू वनस्पतिशास्त्राच्या वर्गातच राहिली, हेही खरे.

पुन्हा दगडफुलाकडे वळू. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, जी प्रा. शं. पु. आघारकरांनी १९४६ साली उभारली आणि जिला १९९२ पासून त्यांचेच नाव आहे, डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. ऊर्मिला माखिजा आदींनी पश्चिम घाटातल्या दगडफुलांचा पद्धतशीर अभ्यास केला. तेथल्या आजरेकर संग्रहात त्यांचे नमुने जपले आहेत. मराठी विश्वकोशाने या वस्तूला ‘शैवाक’ असे नाव घेतले आहे. शैवल आणि कवक, म्हणजे शेवाळ आणि बुरशी, यांचे तुकडे एकत्र शिवल्यासारखा हा शब्द आहे. वस्तू जशी घडली तसाच शब्द घडला. आमच्या मते मराठी परिभाषेतला हा एक नेटका शब्द, पण मसाल्याच्या पुडीवर तो कधी येईल असे वाटत नाही.

शैवाकातला कारभार कसा चालतो? बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते, कडक उन्हापासून आडोसा देते. शेवाळ सूर्यप्रकाशात साखर तयार करते, आणि तिचा मोठा वाटा बुरशी घेते. अमेरिकेतील व्हर्नन अहमदजियान यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोघांना अलग वाढवून पुन्हा एकत्र आणण्याचे प्रयोग केले. दोघांना भरपूर अन्न दिले तर त्यांची जोडी जमत नाही; उपासमार झाली म्हणजे जमते. बुरशीचे तंतू शेवाळाच्या कणांना वेढतात, आणि त्या पकडीत काही कण मरतातही. या शास्त्रज्ञाला ते परस्पर साहाय्य न वाटता लगाम घातलेली परजीविता वाटली. शंभर वर्षांनी श्वेंडेनरचा धनी-गुलाम पुन्हा दारात उभा राहिला म्हणायचा! उलट, एरवी जेथे शेवाळ एक दिवस तगले नसते अशा तापल्या कातळावर ते बुरशीच्या घरात शेकडो वर्षे राहते, हेही तितकेच खरे.

आणि दोघे म्हणजे दोघेच, हेही आता नक्की म्हणता येत नाही. २०१६ साली टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी दाखविले की अनेक शैवाकांच्या वरच्या सालीत एक तिसरा भिडू, किण्वासारखी दुसऱ्या कुळातली बुरशी, दडलेला असतो. तो सर्वत्र आवश्यक आहे की नुसता बिऱ्हाडकरू, यावर अजून वाद चालू आहे. दीडशे वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली असलेल्या वस्तूत तिसरा जीव कोणाला दिसला नाही, कारण ‘जोडी’ हा शब्द डोळ्यांपुढे होता.

या शब्दाचा सर्वांत लांबचा पल्ला आपल्या स्वतःच्या देहापर्यंत आहे. झाडांच्या पेशींतली हरितलवके ही एके काळची स्वतंत्र शेवाळे असावीत, असे रशियाच्या मेरेश्कोव्हस्कीने १९०५ सालीच म्हटले होते. त्याला कोणी विचारले नाही. १९६७ साली लिन मार्ग्युलिस यांनी तीच गोष्ट सविस्तर मांडली, आणि आपल्या पेशींत ज्या तंतुकणिका श्वसनाचे काम करतात त्याही एके काळी मोकळ्या फिरणाऱ्या जीवाणू होत्या, असे म्हटले. तो निबंध अनेक नियतकालिकांनी परत केला होता. आज ते मत शालेय पुस्तकांत आहे, कारण तंतुकणिकांत स्वतःची वेगळी जनुकद्रव्ये सापडली आणि त्यांचे नाते जीवाणूंशी जुळले. गिळला गेला होता की घुसला होता, पाहुणा होता की शिकार, हे दीड-दोनशे कोटी वर्षांपूर्वीच्या त्या प्रसंगाविषयी कोण सांगणार? फ्रांकने १८७७ साली मागितलेला, आधीच निवाडा न देणारा शब्द तेथे उपयोगी पडतो.

घाटावरच्या आणि देवळांच्या काळ्या दगडांवर पांढुरके, राखी, कुठे नारिंगी असे डाग असतात. भाविकांना ते चुन्याचे किंवा जुन्या रंगाचे वाटतात. त्यांतले बरेचसे शैवाक आहेत. वर्षाला फार तर काही मिलिमीटर वाढणारे. मृगाची पहिली सर येऊन गेल्यावर अर्ध्या तासाने तेथे जावे. भिजलेली बुरशीची साल पारदर्शक होते, आणि राखी डागातून आतले शेवाळ हिरवे दिसू लागते. ऊन पडले की ते पुन्हा झाकले जाते.